मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समध्ये कुठलीच सिस्टिम धड चालत नाही

कोरीपाटी:
चार रात्री यात गेल्या. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन (व्हीएम) चालवणारा प्रोग्राम; त्यात मिंट (लिनक्सचा एक प्रकार), फ्रीबीएसडी आणि हायकू या तीन सिस्टिम टाकून पाहिल्या. मिंटमध्ये मेनूवर क्लिक केलं की हात आवरून बसायचं, मग कधीतरी तो उघडतो. फ्रीबीएसडी काळ्या स्क्रीनवर अडकतं. हायकू दर वेळी नव्याने इन्स्टॉल करायला सांगतं. सेटिंग दोनदा तपासली, सगळी बरोबर आहेत. कृपया लवकर सांगा, आता डोकं चालेनासं झालंय.

रात्रपाळी:
मूळ मशीनवर कोणती सिस्टिम आहे? रॅम किती, त्यातली व्हीएमला किती दिली? प्रोसेसरचे कोर किती? नुसतं "सेटिंग बरोबर आहेत" म्हटल्याने काही कळत नाही.

टर्मिनलवेडी:
व्हर्च्युअलबॉक्स सोडा, व्हीएम चालवायला केव्हीएम वापरा. 2007 पासून ते थेट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. मी एका वेळी पाच-पाच सिस्टिम चालवते, काही अडत नाही.

कोरीपाटी:
अहो ताई, लिनक्स असतं तर मिंट व्हीएममध्ये कशाला टाकलं असतं? विंडोज 11 आहे. रॅम 8 जीबी, मिंटला 6 दिली. कोर चार आहेत, चारही दिले. जितकं जास्त देऊ तितकं वेगाने चालेल ना?

रात्रपाळी:
उलट होतं. 6 जीबी मिंटने अडवल्यावर विंडोजला 2 उरले. ते सगळं डिस्कवर ढकलत बसतं आणि त्यात मिंटही रखडतं. मिंटला 3 जीबी आणि 2 कोर द्या, हायकूला 1 जीबीही पुष्कळ झाली. आणि एक नीट बघून सांगा: मिंट चालू असताना खिडकीच्या तळाशी उजवीकडे छोट्या चित्रांची रांग असते. त्यात कासव आहे का?

कोरीपाटी:
आहे, हिरवं. मला ते मिंटचंच चिन्ह वाटलं होतं.

रात्रपाळी:
खरं दुखणं तिथेच आहे. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर (व्हीएम चालवणारा भाग) आधीच चालू आहे. प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनचा ताबा त्याच्याकडे असल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं, म्हणून वेग मंदावतो आणि ते कासव दिसतं. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली "मेमरी इंटिग्रिटी" बंद करा. विंडोज फीचर्समध्ये हायपर-व्ही, "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म" आणि "विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म" यांच्या खुणा काढा, मग रीस्टार्ट करा. ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

शून्यएक:
थांबा, हा सल्ला मला पटत नाही. मेमरी इंटिग्रिटी घातक ड्रायव्हरना कर्नलमध्ये शिरू देत नाही. रोजच्या कामाच्या मशीनवर ती बंद करणं मोठी जोखीम आहे. शिवाय डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर तेही बंद पडेल. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्सऐवजी व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो घ्या. नोव्हेंबर 2024 पासून ते सगळ्यांना फुकट आहे आणि विंडोजच्या हायपरवायझरवरही चालतं.

रात्रपाळी:
चालतं, पण तिथेही वेग थोडा जातोच. त्यांना सिस्टिम वापरून बघायच्या आहेत. आठवडाभर बंद ठेवा, झालं की परत चालू करा.

शून्यएक:
"परत चालू करा" हे कुणाच्या लक्षात राहत नाही. गेल्या वर्षभरात अशी तीन मशीन मी दुरुस्त केली आहेत.

जुनाखिळा:
माझा अनुभव सांगतो. मी व्हीएममध्ये विंडोज 95 टाकलं, तर काही न करताही एक कोर पूर्ण शंभर टक्के! ती सिस्टिम रिकामी असताना प्रोसेसरला थांबायची आज्ञाच देत नाही. त्या काळीही लोक त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम टाकायचे. तेव्हाचा फ्लॉपी संच 13 डिस्कचा होता, बारावीवर रीड एरर आली की सगळं पहिल्यापासून.

टर्मिनलवेडी:
जुनाखिळादादा, त्यांनी विंडोज 95 बद्दल विचारलेलंच नाही.

पेंग्विनप्रेमी:
ड्युअल बूट करा ना सरळ, म्हणजे विंडोजशेजारी मिंट टाका आणि मशीन सुरू करताना हवी ती सिस्टिम निवडा. विभाजन करताना आधी बॅकअप घ्या, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मिंटला 50 जीबी द्या. माझं दोन वर्षं छान चाललंय.

कोरीपाटी:
ड्युअल बूट नको. या मशीनवर घरातल्या दोघांचं काम चालतं, म्हणून तर व्हीएम. डब्ल्यूएसएल मी वापरत नाही. आज रात्री रात्रपाळींनी सांगितलेलं करून बघतो. पण हायकू आणि फ्रीबीएसडीचं काय?

रात्रपाळी:
हायकूच्या व्हीएममध्ये सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये बघा, इन्स्टॉलची आयएसओ फाइल अजून तिथे लावलेली असणार. ती काढली की हार्ड डिस्कवरून सुरू होईल. फ्रीबीएसडीच्या काळ्या स्क्रीनवर अगदी खाली काही लिहिलेलं दिसतं का?

कोरीपाटी:
हो, "लॉगिन" असं लिहून पुढे एक चौकोन लुकलुकतो.

टर्मिनलवेडी:
अहो, मग ती अडकलेलीच नाही! मूळ फ्रीबीएसडीसोबत डेस्कटॉप येत नाही. इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड वापरून रूट (मुख्य वापरकर्ता) म्हणून आत जा. मग पीकेजी या कमांडने झॉर्ग (ग्राफिक्सचा पाया) आणि एक्सएफसीई (डेस्कटॉप) घाला. चार रात्री ती सिस्टिम तयार होऊन तुमची वाट बघत होती.

कोरीपाटी:
केलं. कासव गेलं, त्याच्या जागी आता व्ही लिहिलेली चिप दिसते. मिंट सुरू व्हायला सहा मिनिटं घ्यायचं, आता चाळीस सेकंद. मेनू क्लिक करताच उघडतो. हायकू तर इतकं चटकन उठतं की मी तीनदा बंद करून पुन्हा सुरू केलं, केवळ बघायला. सगळ्यांचे मनापासून आभार. शून्यएक, रविवारी मेमरी इंटिग्रिटी परत चालू करणार आहे, फोनमध्ये गजर लावलाय. फ्रीबीएसडीत एक्सएफसीई आलं, पण त्यात माउस हलत नाही. का?

रात्रपाळी:
त्याला नवा धागा काढा. आणि फ्रीबीएसडीची आवृत्ती, गेस्ट ॲडिशन्स (व्हीएममध्ये टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) टाकल्यात की नाही, सेटिंगमध्ये माउस पीएस/2 आहे की यूएसबी टॅब्लेट, हे पहिल्याच ओळीत लिहा.