कोडाक्रोम परत का येणार नाही

कोडाक्रोम आणि एक्टाक्रोम या दोन्ही कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्म. एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली, मग कोडाक्रोम का नाही, असा प्रश्न पडतो. अडचण फिल्मपेक्षा तिच्या धुलाईत, म्हणजे डेव्हलप करण्यात आहे. एक्टाक्रोममध्ये रंग तयार करणारी रसायनं फिल्मच्या थरांतच असतात, त्यामुळे ई-६ या तिच्या धुलाईच्या प्रक्रियेचं रसायनांचं किट आणून घरच्या बाथरूममध्येही ती धुता येते. कोडाक्रोम म्हणजे मुळात एकावर एक तीन कृष्णधवल थर. रंग यायचा तो डेव्हलपरमधून, म्हणजे धुण्याच्या रसायनातून, प्रत्येक थराला वेगळा. मध्येच लाल आणि निळ्या प्रकाशात पुन्हा एक्स्पोजर. के-१४ नावाची ही प्रक्रिया घरी करणं म्हणजे अशक्यच म्हणा ना.

कोडॅकने २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरींना मिळाला आणि त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत काढल्या, याचं मला उगाच कौतुक वाटतं! कोडाक्रोम धुणारी शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, हिने डिसेंबर २०१० मध्ये रोल घेणं बंद केलं आणि विषय संपला. कपाटात जुना रोल सापडलाच तर आता फार तर कृष्णधवल धुऊन मिळेल.

काकांच्या कोडाक्रोम स्लाइड्स अंधारात राहिल्या, लाल रंग अजून तस्साच आहे. प्रोजेक्टरवर मात्र सारख्या लावू नका, त्या प्रकाशात कोडाक्रोम लवकर फिकटते.