मदत हवी आहे: चार कामगार कोविडमुळे घरी, बदली माणसांचा खर्च कसा बसवायचा?

लेथवाला, भोसरी (14 जानेवारी 2022)
प्रेस शॉप (यंत्रावर पत्रा दाबून सुटे भाग काढतो) आहे, 24 कामगार, ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागू. चार जण पॉझिटिव्ह, सात दिवस घरी. ऑर्डर थांबवता येत नाही. कंत्राटदाराकडून बदली घ्यावेत की आहेत त्यांनाच ओटी (जादा तासांचं काम) द्यावा? आजारी माणसांना पूर्ण पगार देऊन वर ईएसआयचे पैसेही मिळतील का? चौघांत एक ऑगस्टमध्ये कामाला लागलेला, एकाचा पगार 23 हजार. बाकीच्यांची हजेरी दिवसाला 560 रुपये.

पगारपत्रक
शेवटचं आधी. दोन्ही मिळत नाही. ज्या दिवसाचा पगार दिला, त्या दिवसाचा ईएसआय लाभ गेला. ईएसआयचं शाखा कार्यालय गैरहजेरीची खात्री तुमच्याकडूनच करून घेतं, तिथे खोटं लिहू नका.

लाभ सरासरी रोजाच्या 70 टक्के, पण पहिले दोन दिवस कोरडे. म्हणजे सातातले पाच: 392 × 5 = 1,960. रविवारही मोजला जातो. पहिले दोन दिवस हक्काच्या रजेत टाका, 1,120 होतात. एकूण 3,080. एक रविवार धरून पूर्ण पगार दिला असता तर 3,360. कामगाराचं नुकसान 280 रुपयांचं, ते घाबरतात तेवढं नाही. हा हिशोब त्यांना कागदावर मांडून दाखवा.

जानेवारीच्या आजारपणासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2021 ची वर्गणी बघतात, किमान 78 दिवस. तुमच्या चलानात (वर्गणी भरल्याच्या पावतीत) दिवस कमी भरले गेले असतील तर दावा तिथेच अडकतो. आजारपणाचं प्रमाणपत्र ईएसआय दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरचं हवं. नुसता लॅबचा रिपोर्ट चालत नाही. आणि बँक खातं आधीच जोडलेलं असू द्या.

लेथवाला
आणि ऑगस्टवाला?

पगारपत्रक
पहिल्यांदाच नोंदला असेल तर नऊ महिने भरल्यावर, म्हणजे मे 2022 पासून रोख लाभ. औषधोपचार मात्र आत्ताही मिळतील. पण दादा, त्याचा आधीच्या कंपनीतला विमा क्रमांक होता का ते विचारा. बहुतेक ठिकाणी घाईत नवीन क्रमांक काढतात आणि जुनी वर्गणी बेवारस पडते. जुना क्रमांक नसेलच तर रजा, नाहीतर तुमच्या खिशातून.

23 हजारवाला ईएसआयच्या 21 हजारांच्या पगारमर्यादेबाहेर. मात्र 1 ऑक्टोबरला मर्यादेत होता आणि पगार नंतर वाढला असेल, तर त्याची वर्गणी मार्चअखेरपर्यंत चालू राहते, दावाही होतो.

चाकणकर
ओटीचं गणित बघा. 560 भागिले आठ, तासाला 70, ओटी दुप्पट म्हणजे 140. आठ तासांचे 1,120, वर ईएसआय सव्वातीन टक्के, 36.40. ओटीवर पीएफ नाही. एकूण 1,156.40. बदली माणूस: 560, पीएफ 13 टक्के 72.80, ईएसआय 18.20, मिळून 651. त्यावर कंत्राटदाराचं कमिशन आणि 18 टक्के जीएसटी (जीएसटी क्रेडिटमध्ये परत येतो). कमिशन धरूनही बदली बराच स्वस्त.

शिवाय ओटी धरून दिवसाला दहा तासांची मर्यादा आहे. चार माणसांची उणीव ओटीने भरायची तर 16 जणांनी रोज दोन तास थांबायला हवं. तुमच्याकडे उरलेत 20. त्यातला एक आणखी पॉझिटिव्ह निघाला की पाचांची उणीव भरायला 20 जण लागतील, उरतील 19, डोलारा कोसळला.

पण बदली माणसाला प्रेसवर उभा करू नका. बोटं जातात. जुना हेल्पर प्रेसवर घ्या, त्याला ओटी द्या. नवा माणूस बर (कापलेल्या कडांवरचे धारदार कंगोरे) काढायला आणि पॅकिंगला. त्याची ईएसआय नोंदणी पहिल्याच दिवशी करा, अपघात झाल्यावर केलेली नोंदणी संशयास्पद दिसते.

पगारपत्रक
चाकणकरांच्या म्हणण्यात एक भर. कंत्राटदाराने बदलीची ईएसआय भरली नाही तर मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमचीच. चलानाची प्रत हातात आल्याशिवाय बिल काढू नका. थकलेली रक्कम त्याच्या बिलातून वळती करता येते, पण बिल दिल्यावर तो फोन उचलेल याची खात्री नाही.

लेथवाला
विमा क्रमांक विचारला. ऑगस्टवाल्याचा जुना क्रमांक आहे, आमच्या माणसाने नवीन काढलाय.

पगारपत्रक
मग दोन्ही क्रमांक घेऊन आजच शाखा कार्यालयात अर्ज द्या, जुन्यात विलीन करा म्हणून. दावा त्याआधी भरू नका.