भेगाळलेले हात आणि कोकमतेलाचा गोळा : तुमच्याकडे काय लावायचे?

परवा मालवणहून मावसबहिणीचं पार्सल आलं. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मळकट पांढरा गोळा. कोकमतेल! कुणी मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल. हातात घेतला तर त्यावर चार बोटांच्या खाचा, मुठीत दाबताना उठलेल्या. मावशीच्याच असणार.

आणि एकदम आजी आठवली. ती काजू भाजून फोडायची. हाताला राख फासली तरी टरफलातलं तेल लागायचंच, बोटं काळी पडून कातडी सोलायची. मे महिन्यात आमसुलं घालून झाली की बिया वाळवायच्या, सालपटं काढून कुटायच्या, चुलीवर पाण्यात रटारटा उकळायच्या. तेल वर तरंगून थिजलं की काढून मुठीने गोळे वळायचे. त्यातला पहिला गोळा तिच्या हातांसाठी, बाकीचे आमच्या टाचांसाठी.

तुमच्याकडे काय लावायचे? लिहा.

रानजाई
आई गं, तो चटका! पळीत वितळवून थेट भेगेत थेंब सोडायचे. मी किंचाळायचे आणि आजोबा म्हणायचे, "लागलं म्हणजे लागू पडलं." वर मोजे घालायचे, नाहीतर गोधडीला डाग.

गडबडगुंडा
पुण्यात कुठे मिळेल?

थापी_ओळंबा
कोकणातला नाही, पण लिहितो. वडील गवंडी. सिमेंटने बोटांची टोकं खायची, जेवताना तिखट झोंबायचं म्हणून चमच्याने भात खात. आई राळेचं मलम करायची. राळेची पूड तिळाच्या तेलात विरघळवायची, गार झालं की पाणी घालून परातीत तळहाताने फेसत बसायची. लोण्यासारखं पांढरं होईपर्यंत. मग पाणी ओतून द्यायचं. रात्री बोटांना लावून वर जुन्या धोतराच्या चिंध्या. सकाळी चिंध्या सोडल्या की बाबा आधी मूठ वळून बघायचे.
आता काम सुटलंय, पण रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, हात पुसून या. काय पुसणार? आदल्या रात्री मलम लावलं तर उमटतो असा बाबांचा दावा आहे. दहापैकी चार वेळा खरा ठरतो.

रानजाई
@थापी_ओळंबा, माझ्या सासूबाईंचंही तेच. आयुष्यभर भांडी घासली, रेघा राहिल्याच नाहीत. बाबांना नमस्कार सांगा.

रात्रपाळी
नर्स आहे, ड्यूटीवरून लिहितेय. दर पेशंटनंतर सॅनिटायझर, वर ग्लोव्हजची पावडर. आईने शतधौत घृत कर म्हणून फर्मान काढलं. तांब्याच्या ताटात तूप, वर पाणी, तांब्याच्या भांड्याच्या बुडाने घासायचं, पाणी टाकायचं, असं शंभर वेळा. मी सदतिसाव्याला मोजणी विसरले. आई म्हणाली, पहिल्यापासून. तिला काय जातंय!
पण ते गार आणि मऊ लागतं हे खरं. तुपाचा वासही जवळजवळ जातो.

बर्फातला_बंड्या
मिनेसोटा. जानेवारीत उणे वीस. तुमचा तो गोळा इथे दगड होतो. तसाही साधारण ४० अंशाला वितळतो म्हणे, म्हणजे नुसता घासून भागत नाही. अंघोळीनंतर हात ओलसर असतानाच लावतो, मग तळवे चोळत बसतो. बायको म्हणते, कुणाच्या वाईटावर टपलायस का?

उंबरठा
आमच्याकडे साय. बास. लग्नाआधी आठ दिवस साय, नंतर कोण विचारतंय.

मीठभाकर
आमच्या ह्यांनी कोकमतेलाचा गोळा मेणबत्तीचा तुकडा समजून लाइट गेल्यावर वात खुपसून पेटवायचा प्रयत्न केला होता. 😂 आणि उंदीर कुरतडतात बरं का, डब्यात ठेवा.

गडबडगुंडा
अहो पण पुण्यात कुठे मिळेल??

रात्रपाळी
एक सांगते, रागावू नका. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा डायबिटिस असेल, तर पळीतलं गरम तेल अजिबात नको. डायबिटिसमध्ये पायाला चटका कळतच नाही. आमच्याकडे असे पाय घेऊन येतात लोक. आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिलीच पुन्हा
@रात्रपाळी, बरोबर. आजीही म्हातारपणी कोमटच लावायची.
@गडबडगुंडा, कोकणी मेवा विकणाऱ्यांकडे विचारा. 'कोकम बटर' म्हणून वड्या मिळतात, पण त्या गाळून स्वच्छ केलेल्या असतात, चुलीचा वास नसतो. घरचंच हवं तर सावंतवाडी-कुडाळकडचं कुणी गाठा.
आमचा गोळा अजून वापरला नाहीये. खाचांत बोटं ठेवून बघितली, माझी चारही बसतात. मागच्या बाजूने सुरीने थोडं खरवडून घेईन म्हणते.

उंबरठा
ते कुळथाचं पीठ कुठे गेलं? पिठी कशी करता तुम्ही? आमची गुठळ्या-गुठळ्या होते.

मीठभाकर
गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओता, ढवळणं थांबवू नका. आमसूल शेवटी. बाकीचं संध्याकाळी सांगते, कुकर होतोय.