प्रतिसाद: कमी रेटिंगच्या खेळाडूचा विजय

बुद्धिबळात कमी रेटिंगच्या खेळाडूचा विजय म्हणजे निव्वळ नशीब, हे वरच्या प्रतिसादातील मत मला पटत नाही. एलो पद्धतीत (खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारी रेटिंग पद्धत) रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असला तरी वरचढ खेळाडूकडून प्रत्येक डावात सरासरी ०.७६ गुणाचीच अपेक्षा असते (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). म्हणजे चार डावांत दुबळ्याच्या वाट्याला सरासरी जवळजवळ एक गुण येतोच. २०२५ साली जॉर्जियातील बटुमीच्या महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकित दिव्या देशमुखने अंतिम फेरीत तिच्याहून वरच्या मानांकित कोनेरू हंपीला दोन्ही क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) डावांत बरोबरीत रोखले आणि जलद टायब्रेकचा (बरोबरी फोडण्यासाठीच्या कमी वेळेच्या डावांपैकी) दुसरा डाव, तोही काळ्या मोहऱ्यांनी, हंपी घड्याळाच्या दडपणाखाली चुकत असताना जिंकला.