‘आय ॲम नोइंग’ला हसताय, पण शिकवलं कोणी तसं?

गोदाकाठ
काल नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्यातरी स्पोकन इंग्लिश क्लासची पोस्ट फिरत होती. “ही वाक्यं बोलत असाल तर इंटरव्ह्यूला जाऊच नका.” खाली यादी: आय ॲम नोइंग हिम, आय नो स्विमिंग, आय नो हिम सिन्स टेन इयर्स, आय केम टू नो दॅट यू आर सिक. आणि त्याखाली आपल्याच लोकांचे हसून लोळणारे चेहरे. डोकं फिरलं माझं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून ते २००० साली आलं. फळ्यावर लिहिलेलं असायचं “नो म्हणजे माहीत असणे”, आणि आम्ही घोकायचो. पण घरी काय बोलतो आपण? पत्ता माहीत असतो, माणूस ओळखतो, पोहता येतं, बातमी कळते, गणित समजतं. इतकी वेगवेगळी क्रियापदं, आणि तिकडे ते एकटं नो यातली अर्धी कामं करतं, अर्धी करत नाही. कुठली करतं आणि कुठली नाही हे कोणी सांगितलंच नाही. पोहण्याला नुसतं नो चालत नाही, नो हाउ टू लागतं किंवा सरळ कॅन. पण आय नो मराठी मात्र चालतं! दहा वर्षांपासून ओळखतो हा आपल्याकडे साधा वर्तमानकाळ, त्यांच्याकडे हॅव नोन, तेही फॉर लावून. पोरगं ढ नसतं हो, ते मराठीतून विचार करत असतं.

२००६ साली अंबडच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला मी “आय ॲम नोइंग टॅली सर” म्हटलं होतं. तिघंही हसले, त्यातले दोघं मराठी. टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, मला खरंच येत होतं. ते विचारलंच नाही कोणी.

सरळसोट
भावना पोचल्या, पण लॉजिक गंडलंय. “मला माहीत आहे” यात चालू काळ कुठाय? “मी त्याला ओळखत आहे” असं तरी कोणी म्हणतं का नाशकात? नाही ना, मग नोइंग मराठीतून आलं कसं? मराठीवर बिल फाडू नका. नो ही अवस्था आहे, क्रिया नाही, म्हणून आयएनजी नाही. एका ओळीचा नियम आहे. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो, दिवसाला वीस पोरं येतात, प्रत्येकाच्या पाचवीच्या फळ्यापर्यंत जायला वेळ नसतो.

गोदाकाठ
“आहे” मधून आलं साहेब. आहे म्हणजे ॲम हेही त्याच फळ्यावर होतं. माहीत आहे, मग ॲम आलं, आणि ॲम आलं की मागून आयएनजी आपोआप येतं. आणि “मला कळतंय” हे आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, त्याचंच आय ॲम अंडरस्टँडिंग होतं.

मिसळप्रेमी_४२२
एका ओळीचा नियम म्हणे. “नोइंग हिम, ही विल बी लेट” हे गोरेच बोलतात की. त्याचं काय करायचं?

सरळसोट
ते तिथे मुख्य क्रियापद नाहीये. “त्याला ओळखून असल्यामुळे” असा अर्थ आहे. ॲम नोइंग आणि ते वेगळं. ...ठीक आहे, दोन ओळींचा नियम.

निवृत्त बाई
इंग्रजीचं चालू द्या, पण इथे अर्ध्या गावाला “मला माहिती आहे” म्हणायची सवय लागलीये त्याचं काय? माहिती हे नाम. माहिती मिळते, माहिती देतात. माहीत हे विशेषण. मला पत्ता माहीत आहे, मला पत्त्याची माहिती आहे. इतका सोपा फरक! आणि लिहिताना माहीत मधली ही दीर्घ, माहिती मधली हि ऱ्हस्व. एकतीस वर्षं लाल पेन झिजवलं यावर. कुसुमाग्रजांच्या गावात दुकानांच्या पाट्यांवर “माहित” वाचून जीव जातो.

मिसळप्रेमी_४२२
आलं. मला वाटलंच होतं कोणीतरी हे काढणार.

बागलाणकर
बाई, आमच्या सटाण्याकडे “माले माहीत शे” म्हणतात, भांडणच मिटलं. शाळेत हेच बोललो म्हणून छडी खाल्लीये मी. तेव्हाही शुद्ध बोल म्हणूनच मारलं होतं. तो क्लासवाला आणि तुम्ही यात फरक काय?

निवृत्त बाई
मी कोणालाही छडी मारलेली नाही. बोलीला माझा विरोध नाही, प्रमाण लिहिताना प्रमाण लिहा एवढंच म्हणणं आहे. उगाच जखमा उकरून विषय फिरवू नका.

बागलाणकर
विषय मी फिरवला??

द्राक्षवाला पिंपळगाव
जरा मूळ मुद्द्यावर येतो. आमचा थॉमसन द्राक्षांचा माल हॉलंडला जातो. पहिल्या वर्षी खरेदीदाराशी बोलताना नो नो नो करून मीच गोंधळलो, तर तो म्हणाला आमच्याकडे पण दोन आहेत. गोष्ट माहीत असेल तर वेटन, माणूस ओळखीचा असेल तर केनन, आणि पोहता येण्याला तिसरंच. म्हणजे आपल्यासारखंच की! त्याचंही इंग्रजी मधूनमधून अडखळायचं, पण कंटेनरचे पैसे वेळेवर यायचे, मग कशाला कोण हसतंय.

निवृत्त बाई
हे चांगलं सांगितलंत. ते वेटन आपल्या विद् धातूचं नातेवाईक, आणि केनन, नो हे ज्ञा चे. जाणणे त्याच घरातलं. नो मधला मुका के पूर्वी उच्चारायचे. वेटनचा इंग्रजीतला जुना जोडीदार जवळजवळ मेला म्हणून सगळा भार एकट्या नो वर पडला.

सरळसोट
व्वा, म्हणजे इंटरव्ह्यूत आता संस्कृत धातू विचारायचे? बाई, पोरांना नोकरी हवीये, व्युत्पत्ती नकोय. आणि माहिती आहे असं सगळा महाराष्ट्र बोलतो, तो सगळा चुकीचा आणि तुम्ही एकट्या बरोबर?

निवृत्त बाई
सगळे बोलतात म्हणून बरोबर होत असेल तर तुमचा नोइंगचा नियमही सोडून द्या! आणि मला माहितीये तुमच्यासारखे लोक मराठीला किती मान देतात ते, मला शिकवू नका.

मिसळप्रेमी_४२२
मला माहितीये 😂😂 स्क्रीनशॉट काढलाय बाई. एकतीस वर्षं!!

निवृत्त बाई
बोलण्याच्या ओघात आलं. मोबाइलवर टाइप करत होते.

बागलाणकर
ओघात आमचंही यायचं. तेव्हा छडी होती.

सरळसोट
बरं, गोदाकाठ, तुमचं थोडं मान्य करतो, थोडंच. क्लासवाल्याने आय केम टू नो सरसकट बाद केलंय, ते जास्त झालं. हळूहळू ओळख पटत गेली तर चालतं ते. आजारपणाची बातमी कळली असेल तर मात्र आय हर्ड किंवा फाउंड आउट. सिन्स टेन इयर्स चूकच आहे, त्यावर मी हलणार नाही. पुढच्या वेळी कोणी नोइंग म्हटलं तर हसणार नाही, आधी टॅली उघडून बसवीन समोर. खुश?

गोदाकाठ
२००६ ला कुठे होतात साहेब.

सरळसोट
अंबडलाच. त्या तिघांत नव्हतो एवढं नक्की.

मिसळप्रेमी_४२२
आर यू नोइंग?