1942 साली रंगूनहून आलेला मुलगा आर्वी तालुक्यात वाढला. त्याचा माग कुठे घ्यावा?

आर्वी_तालुका

आर्वी तालुक्यातील आमच्या घरी 1942 च्या उन्हाळ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा आणला गेला आणि पुढचे सारे आयुष्य तो आमच्याच गावात राहिला. पणजोबांचे एक आप्त रेल्वेत नोकरीला होते, त्यांनी त्याला वर्धा स्टेशनवरून आणले. तो रंगूनचा होता आणि त्याचे आईवडील वाटेतच गेले, एवढेच घरात सांगितले जाते. तो तेलुगू बोलतो हे गावाजवळच्या जिनिंगमधील एका कामगारामुळे कळले. आम्ही सारे त्याला रंगूनकाका म्हणत असू. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि त्यांच्या नातवंडांना आपले मूळ कुठले हे जाणून घ्यायचे आहे.

लेखी म्हणावे असे फारच थोडे हाती आहे. पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत ‘रंगूनच्या पोऱ्यास तांदूळ, दोन पायल्या’ अशी नोंद त्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येते. घरात रोजची भाकर ज्वारीची आणि भात सणावारी, तेव्हा हा खर्च डोळ्यांत भरणारा होता आणि त्यावरून पणजोबांनी कुरकुर केल्याचेही ऐकिवात आहे. पणजीने मात्र त्याच्यापुरता भात लावणे सोडले नाही. पुढे तान्ह्या पोळ्याच्या सुमारास सुताराला लाकडी बैलाचे पैसे दिल्याची एक नोंद आहे. दिवाळीनंतर तांदळाची नोंद वहीतून नाहीशी होते.

काकांचे लग्न पणजोबांनीच लावून दिले आणि धुऱ्याकडचे तीन एकर वावरही दिले, पण दत्तक घेतल्याचा एकही कागद नाही. माझ्या मुलीला इंग्रजीच्या तासाला लंडनहून खेड्यात पाठवलेल्या मुलांविषयी शिकवले, तेव्हापासून काकांनाही सरकारनेच आमच्याकडे पाठवले होते का, असे ती विचारते. असे मूल वर्ध्यापर्यंत कसे पोहोचले असेल आणि त्याच्या नोंदी कुठे मिळतील, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_मास्तर

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचे कारण तिला जरूर सांगावे. इंग्लंडमध्ये 1 सप्टेंबर 1939 पासून पहिल्या तीन-चार दिवसांतच सुमारे 15 लाख लोक, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले, शहरांतून हलवली गेली. मुलाच्या कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा आणि सोबत शिक्षक, असा सारा बंदोबस्त आधीच ठरलेला होता. खेड्यात त्यांची सोय लावणारा अधिकारी नेमलेला असे आणि एक मूल ठेवणाऱ्या घराला आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळत. अर्थात, गावच्या सभागृहात उभ्या केलेल्या मुलांतून लोक आपल्या पसंतीचे मूल निवडून नेत आणि नकोसे झालेले मूल शेवटपर्यंत तिथेच ताटकळत राही, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही तिला कळू द्यावी.

ब्रह्मदेशातील भारतीयांसाठी यातले काहीच नव्हते. 1931 च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय होते आणि गोदीतील हमालीपासून गिरण्यांतील मजुरीपर्यंतची कष्टाची कामे मोठ्या प्रमाणावर तेलुगू माणसे करीत. 23 डिसेंबर 1941 रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले, दोन दिवसांनी पुन्हा टाकले, आणि शहर रिकामे होऊ लागले. ज्यांना जहाजात जागा मिळाली ते कलकत्ता, मद्रास किंवा विशाखापट्टणमला उतरले. मार्च 1942 च्या आरंभी रंगून पडल्यावर ती वाटही बंद झाली. बाकीचे पायी निघाले. काही प्रोमवरून तौंगुप खिंडीने आराकान किनाऱ्यावर आणि तिथून चितगावकडे गेले, काही तामू-इंफाळमार्गे दिमापूरच्या रेल्वेपर्यंत आले आणि सर्वांत शेवटी निघालेले हुकाँग खोऱ्यातून, ऐन पावसाळ्यात, आसामात लेडोला पोहोचले. चार लाखांहून अधिक माणसे भारतात पोहोचली असे मानले जाते. वाटेत पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी किती गेली याचे अंदाज दहा हजारांपासून त्याच्या कितीतरी पटींपर्यंत जातात. वाटेवरच्या सोयींतही गोऱ्यांना एक न्याय आणि काळ्यांना दुसरा होता, आणि त्यावरून देशात मोठा गदारोळ उठला होता.

काका उन्हाळ्यात वर्ध्याला होते, यावरून ते हुकाँगच्या वाटेने आले नसावेत. दिमापूर किंवा चितगावहून कलकत्ता आणि तिथून बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर, हा प्रवास तारखांशी जुळतो. पण आंध्र किनाऱ्याकडचा माणूस कलकत्त्याहून खरगपूरमार्गे सरळ दक्षिणेला उतरेल, तो वर्ध्याला कशाला येईल? माझा तर्क असा की सोबतची माणसे निजामाच्या राज्यातील, करीमनगर-वरंगळ भागाकडची असावीत, कारण नागपूरकडून बल्लारशहा-काझीपेठला जाणारा फाटा वर्ध्यालाच फुटतो. मुलाला पुढे नेणारे त्याच्या रक्ताचे कोणी नसेल, किंवा त्याला ताप भरला असेल, आणि गाडी बदलताना ते मूल मागे राहिले असेल. हा तर्कच आहे; पण नातवंडांनी शोध किनाऱ्यापासून सुरू न करता तेलंगणापासून सुरू करावा, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

पुलगाव_जंक्शन

पोलंडची मुलेही त्याच सुमारास महाराष्ट्रात आली होती ना? कोल्हापूरजवळ त्यांचे मोठे गाव वसवले होते असे वाचले आहे. त्या छावणीच्या दप्तरात शोधून पाहावे का?

निवृत्त_मास्तर

त्याचा येथे उपयोग होणार नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि त्याआधी 1942 मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी वसतिगृह उघडले. ती सारी वस्ती छावणीची, स्वतंत्र शाळांची आणि पोलिश शिक्षकांची होती; ती मुले मराठी घरांत वाढली नाहीत, आणि त्यांच्या नोंदींत तेलुगू मजुराचे मूल सापडण्याचे कारण नाही.

दस्तलेखक_वर्धा

मी कागदांपुरते लिहितो. दत्तकपत्र सापडत नाही याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण त्या काळच्या हिंदू कायद्यात मूल देण्याचा अधिकार फक्त आईवडिलांचा होता आणि दोघेही हयात नसतील तर ते मूल दत्तक देताच येत नसे. 1956 च्या कायद्याने न्यायालयाच्या परवानगीने पालकाला ते देण्याची वाट मोकळी केली खरी, पण त्याच कायद्याने पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे दत्तक, तशी रूढी नसेल तर, अमान्य ठरवले, आणि काका तेव्हा विशी ओलांडलेले होते. म्हणजे आपल्या पणजोबांच्या मनात असते तरी कायद्याची दोन्ही दारे त्यांना बंद होती. त्यांनी तीन एकर दिले ते दुसऱ्या कुठल्या तरी कागदाने दिले असणार. बक्षीसपत्राने, नाही तर खरेदीखताने. तो कागद शोधावा. बक्षीसपत्र असेल तर त्यात देण्याचे कारण आणि नाते बहुधा लिहिलेले असते, आणि काकांच्या वडिलांचे नाव लिहिण्याचा प्रसंग तिथेच आला असेल.

शाळेचे दाखलखारीज रजिस्टर त्याहून आधी पाहावे. त्या काळी गावची प्राथमिक शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे होती, 1948 च्या कायद्यानंतर ती जनपद सभेकडे गेली आणि पुढे जिल्हा परिषदेकडे आली. पण रजिस्टर सहसा शाळेच्याच कपाटात राहते. ते फाटले असेल तर मुख्याध्यापकांना उलटू न देता पानाचा फोटो काढून घ्यावा.

आणखी एक दिशा सुचवतो. 1941 पासून परदेशस्थ भारतीयांचे खाते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आपल्याच वणीच्या बापूजी अण्यांकडे होते आणि फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा देईपर्यंत ब्रह्मदेशाच्या निर्वासितांचा प्रश्न त्यांच्याच खात्यापुढे होता. त्या खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. एकट्या मुलाचे नाव तिथे निघेल अशी आशा मी लावणार नाही, मात्र मध्य प्रांताकडे आलेल्यांसंबंधीचा पत्रव्यवहार चाळून पाहावा.

आर्वी_तालुका

सर्वांचे आभार. आज शाळेत जाऊन आलो. रजिस्टर आहे. काकांचे नाव 1943 सालच्या पानावर आहे, जन्मस्थळाच्या रकान्यात रंगून, पालकाच्या रकान्यात पणजोबांचे नाव, आणि जातीच्या रकान्यात आमची जात लिहून ती एका रेघेने खोडलेली आहे. त्यापुढे काहीच लिहिलेले नाही. ती रेघ मास्तरांची की पणजोबांच्या सांगण्यावरून मारलेली, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर काका पंगतीला आमच्याच ओळीत बसत, पण लग्नासाठी मुलगी मिळवताना मात्र पणजोबांना पुष्कळ गावे पालथी घालावी लागली, असे ते म्हणाले.

आता दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करायचा आहे. सोबत काय न्यावे?

दस्तलेखक_वर्धा

पणजोबांचे पूर्ण नाव, मौजा आणि अंदाजे साल न्यावे. दस्तांच्या सूची एकमध्ये शोध नावावरून आणि सूची दोनमध्ये मौज्यावरून घेतात. सातबारावरचा आजचा गट क्रमांक एवढ्या जुन्या दस्ताला उपयोगी पडत नाही, तेव्हा तलाठ्याकडून जुना खसरा क्रमांक आधी काढून घ्यावा. शोध 1951 च्या मागेपुढे सुरू करावा असे मला वाटते. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, तेव्हाच रद्द झाली आणि जमीन कोणाच्या नावे राहणार या धास्तीने त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे पुष्कळ वावरे घरच्या माणसांच्या नावे करून दिली गेली.