रॉ फाइल पार्टीला द्यायची का? माझं मत: द्या, पण पैसे लावून द्या

मंडपातला_कोपरा
लगीनसराई जवळ आली की आपल्या फोटोग्राफरांच्या सगळ्या ग्रुपवर तेच रडगाणं सुरू होतं. पार्टी, म्हणजे आपलं लग्नवालं गिऱ्हाईक, म्हणते "सगळा डेटा द्या", आणि मग खाली सगळे छाती ठोकून लिहितात की रॉ (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली कच्ची फाइल) अजिबात द्यायची नाही, कॉपीराइट आपला असतो. कोणी सांगितलं आपला असतो? यूट्यूबवरच्या अमेरिकन भाऊने. त्याचं तिकडे बरोबरच आहे, तिथे लग्नाची ऑर्डर घेऊन फोटो काढले तरी हक्क फोटोग्राफरचाच राहतो. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्यातलं कलम 17 एकदा काढून वाचा. पैसे देऊन ज्याने फोटो काढायला सांगितले तोच कॉपीराइटचा पहिला मालक, "उलट करार नसेल तर". सगळी मेख त्या शेवटच्या तीन-चार शब्दांत आहे आणि आपल्यातले निम्मे लोक बुकिंग घेतात व्हॉट्सअॅपवर तारीख आणि अॅडव्हान्सचा स्क्रीनशॉट एवढ्यावर. म्हणजे उलट करार नाहीच, म्हणजे मालक पार्टी, आणि आपण त्यांच्याच मालावर बसून मिजास करतोय.

माझं म्हणणं एवढंच, की नाही म्हणण्यापेक्षा रेटकार्डवर एक ओळ वाढवा. रॉ हवी तर अमुक रक्कम जादा, हार्डडिस्क पार्टीची, दिल्यानंतर एडिटिंगची जबाबदारी आपली नाही. विषय संपला.

प्राइम_पन्नास
विषय संपला कसा राव, सुरूच इथून होतो. तुमचा कायदा बरोबर असेल पण रॉ म्हणजे फोटो नव्हेच. अंतरपाट सरकतानाचं एक बर्स्ट, म्हणजे धडाधड सलग काढलेल्या फ्रेम, घ्या. अक्षता हवेत, अर्ध्या फ्रेममध्ये नवरीचे डोळे मिटलेले, एकात मामाचं कोपर मधे, एकात फोकस भटजींच्या कानावर, आणि वरून कार्यालयवाल्याने जांभळे एलईडी सोडलेत त्यामुळे सगळ्यांची तोंडं वांग्यासारखी. त्यातली एकच फ्रेम जमलीय, आणि तिचाही रंग जागेवर आणायला माझा वेळ गेलाय. आता हे सगळं पार्टीच्या हातात दिलं की चुलतभाऊ मोबाइलवर कुठलंतरी अॅप लावून नवरीला पांढरीफटक करणार, स्टेटसला टाकणार, आणि खाली प्रेमाने माझ्या पेजला टॅग करणार!! पुढच्या ऑर्डरवाला तेच बघणार ना. मी देत नाही, देणार नाही, बुकिंगलाच तोंडावर सांगतो.

तिसऱ्या_पिढीचा_स्टुडिओ
प्राइमभाऊंना शंभर टक्के अनुमोदन पण वेगळ्या कारणाने. तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक रेटकार्ड दाखवता, आमच्याकडे तालुक्याला पार्टी म्हणजे आजोबांच्या ओळखीची माणसं. जादा पैसे म्हटलं की "अरे तुझ्या बापाने कधी मागितले नाहीत". फिल्मच्या काळात आमच्याकडे निगेटिव्ह दुकानातच राहायच्या, पाकिटावर नंबर, कोणाला कॉपी हवी तर नंबर सांगून धुवून न्यायची, त्या रिप्रिंटवर पावसाळा निघायचा. तेव्हा कोणी कलम दाखवलं नाही. रॉ दिली की करिझ्मा अल्बम (पानं डिझाइन करून छापतो तो) पण हातचा गेला समजा, ते डिझाइन दुसरीकडून करून घेणार.

हौशी_वकीलबाई
कायद्याचं काम करते, फोटो हौसेने काढते, म्हणून दोघांच्याही मधे पडते. मंडपदादांनी कलम 17 बरोबर सांगितलं पण अर्धंच वापरलं. ते मालकीबद्दल बोलतं. कच्ची फाइल हातात द्यायचीच असं त्यात कुठेही नाही. काय काय द्यायचं हे तुमच्यात ठरलं असेल तेच, आणि ठरल्यापेक्षा कमी दिलं तर पार्टी ग्राहक आयोगात जाऊ शकते. लग्नाचे फोटो-व्हिडिओ दिले नाहीत म्हणून तिथे दावे होतात हं, हसू नका.

प्राइमदादा, तुमच्या भीतीला कलम 57 आहे. मालकी दुसऱ्याकडे असली तरी फोटो काढणारा म्हणून तुमचं नाव तुमचंच राहतं, आणि कोणी फोटोची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला धक्का लावला तर हरकत घेता येते. चुलतभावाच्या स्टेटससाठी कोर्टात कोणी जाणार नाही हे मलाही कळतं.

पण तुम्ही सगळे ज्यावर गप्प आहात ते सांगते. मालक पार्टी असेल तर त्यांच्या लग्नाचे फोटो तुम्ही पेजवर कोणाला विचारून टाकता? रॉचं भांडण राहू द्या, तुमचा अख्खा पोर्टफोलिओ त्या न लिहिलेल्या करारावर उभा आहे. ब्रिटनमध्ये आधी आपल्यासारखंच होतं, 1988 च्या कायद्याने हक्क फोटोग्राफरकडे गेला, कॅनडात 2012 ला. आपल्याकडेही 2012 ला मोठी दुरुस्ती झाली, फोटोच्या कॉपीराइटची मुदत वाढली, पण ही तरतूद तशीच राहिली.

नवरीचा_भाऊ
मी फोटोग्राफर नाही, गिऱ्हाईक आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. बहिणीच्या लग्नात आम्ही रॉ मागितली तेव्हा मला रॉ म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आम्हाला सगळे फोटो पाहिजे होते, बास. निवडून आलेल्यात मेंदीचे हात, झुंबर, हाराचा क्लोजअप, नवरानवरी धुरात, सगळं एकदम झकास. आजी एकाही फोटोत नीट नाही. ती पहिल्या रांगेत तासभर बसून होती, एखाद्या फ्रेममध्ये मागे तरी आली असेलच ना. विचारलं तर उत्तर "आम्ही न निवडलेले देत नाही, क्वालिटीचा प्रश्न असतो". अहो आम्हाला क्वालिटी नको होती, आजी हवी होती.

मंडपातला_कोपरा
@नवरीचा_भाऊ दादा तुम्ही माझं काम सोपं केलंत. शंभरातल्या नव्वद पार्ट्यांना रॉ नकोच असते, ती त्यांच्या फोनवर धड उघडतही नाही. त्यांना न निवडलेले फोटो हवेत. मग बेसिक रंग एका झटक्यात सगळ्यांना लावा, डोळे मिटलेले आणि हललेले काढा, बाकी छोट्या साइझच्या जेपीजी करून पेनड्राइव्हवर द्या. रात्रीत एक्सपोर्ट लावून झोपा की. रॉचा हट्ट धरणारा एखादाच निघतो, त्याला रेट सांगा.

आणि वकीलताई, पोर्टफोलिओचा मुद्दा मान्य, तो याच करारात येतो म्हणून तर ओरडतोय, की एक कागद करा.

@स्टुडिओ रिप्रिंटवर पावसाळा निघायचा ते दिवस गेले हो. आता लोक प्रिंटच काढत नाहीत, कॉपी कोण मागणार? आणि अल्बम आपला चांगला असेल तर पार्टी दुसरीकडे जात नाही, गेली तर आपल्या डिझाइनरकडे बघा आधी.

प्राइम_पन्नास
सगळ्या जेपीजी द्यायला माझी हरकत नाही, रॉला आहे. आणि एक हिशोब कोणीच मांडला नाही. 24 मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ साधारण 25 एमबी धरा. दोन कॅमेरे मिळून 4000 फ्रेम म्हणजे 100 जीबी, बॅकअप धरून 200. सीझनला 30 ऑर्डर असतील तर 6 टीबी, आणि पार्टी तीन वर्षांनी उगवते, "तो डेटा असेल ना अजून?" रॉ विकायची म्हणजे ती सांभाळायची पण आलीच. ते पैसे कोण देणार?

तिसऱ्या_पिढीचा_स्टुडिओ
बरोब्बर. आणि कोपरादादा डिझाइनरला मधे आणू नका, तो माझा मेव्हणा आहे 😄

मंडपातला_कोपरा
@प्राइम त्यालाही तोच कागद. डिलिव्हरीनंतर 90 दिवस सांभाळू, पुढे आमची जबाबदारी नाही, सही. उलट रॉ पार्टीच्या डिस्कवर गेली की तुमचं ओझं कमीच होतं, मग विरोध कशाला ते मला अजून कळलं नाही.

कायमचा_सेकंड_शूटर
मोठ्या लोकांचं झालं असेल तर एक गरिबाचा प्रश्न. मी मेन फोटोग्राफरच्या हाताखाली दिवसाच्या हजेरीवर जातो, कार्ड संध्याकाळी मेन फोटोग्राफर काढून घेतो, माझ्या फ्रेम त्याच्या पेजवर त्याच्या लोगोखाली जातात. माझा हक्क काय? ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी "कॉपीराइट आपला" म्हटलंय त्यातला एकजण मला दोन सीझन नेतोय, आणि स्वतःचा नमुना म्हणून एक फोटो मागितला तर नाही म्हणाला.

हौशी_वकीलबाई
@कायमचा_सेकंड_शूटर तुम्ही पगारी नोकर नाही, म्हणून प्रश्न पुन्हा तोच, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या पैशाने काढले. मेन म्हणेल माझ्या, पार्टी म्हणेल आमच्या. तुमच्या बाजूने काढणारा म्हणून नाव लावण्याचा हक्क आहे, पण वापरायचा हक्क लेखी घेतल्याशिवाय धरून चालू नका. जायच्या आधी दोन ओळींची चिठ्ठी करा, अमुक महिन्यांनी माझ्या कामातले 20 फोटो पोर्टफोलिओला वापरेन, दोघांच्या सह्या. मेनलाही ती चिठ्ठी हवीच असते बरं का. त्याने तुमच्याकडून हक्क लिहून घेतले आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो.

प्राइम_पन्नास
सेकंड शूटरने चिठ्ठी पुढे केली तर मी दुसरा बघेन, खरं सांगतो.

कायमचा_सेकंड_शूटर
बघा की. मुहूर्ताच्या दिवशी मिळाला तर मलाही सांगा, माझ्याकडे त्याच तारखेच्या तीन चौकश्या आहेत.